आवाज नसलेला बर्फ

वेंगुर्ला बंदरावरच्या बर्फ कारखान्यात
माझी रात्रपाळी, सतरा वर्षं.
अमोनियाचा दाब दर तासाला वहीत लिहायचा,
लाद्या सुटल्या की क्रशर लावायचा,
पहाटे चारला मासळीच्या गाड्या.

दिगंबर गिरप यायचे साडेबाराच्या सुमाराला.
डोक्याला कानटोपी, हातात पिशवी,
पिशवीत तो.
तो म्हणजे त्यांचा कवी.
नाव मला कधीच नीट घेता आलं नाही.
त्यांच्या भाषेत एक अक्षर आहे म्हणे,
र आणि झ एका दमात म्हणायचं.
जिभेखाली सुकटीचं डोकं ठेव, गिरप सांगत,
आणि बोल.

तरुणपणी ते ब्र्नोला होते,
ट्रॅक्टरच्या कारखान्यात, पाच वर्षं.
येताना आणलं काय?
एक ओव्हरकोट, जो इथे कपाटातच बुरसला,
आणि हा माणूस. बारावी कार्बन प्रत,
इतकी फिकट
की दिव्याशी धरावी लागे.

मोठा होता. पोरांना शाळेत त्याच्या ओळी पाठ.
मग त्यानं कसल्याशा कागदावर सही केली
आणि आठवड्याभरात
वाचनालयांच्या कपाटांतून तो नाहीसा.
सरकारनं त्याला सांभाळायला बॉयलर दिला,
एका इस्पितळाच्या तळघरात.
दाब दर तासाला वहीत.
कविता त्याच वहीच्या पाठकोऱ्या पानांवर.

हे ऐकलं त्या रात्री
मी आमची वही उलटून पाहिली.
मागे कोणाची तरी विड्यांची उधारी,
आणि एक होडी, निळ्या पेननं,
वल्ही विसरलेली.

त्यानं समुद्र पाहिला नव्हता.
देशालाच किनारा नाही.
तरी लिहून मोकळा: समुद्राला एकच काठ असतो.
गिरप चिडायचे, खोडायला निघाले.
माझा चुलता तिथेच जाळं विणत होता,
मान वर न करता म्हणाला,
"खरा आसा ता.
दुसरो काठ गावलो तर ती खाडी."
ओळ राहिली.

अडलं ते पुढच्याच पानावर.
तिथे शहरावर रात्रभर काहीतरी पडत असतं.
बर्फ लिहावं तर आमच्या लोकांना बांगडा आठवतो.
हिम लिहावं तर भूगोलाचे मास्तर.
म्हणून ते क्रशरखाली उभे राहायचे
बाही पुढे करून.
चुरा पडायचा, बघता बघता पाणी.
"तुझ्या बर्फाक आवाज आसा रे.
माका आवाज नसलेलो होयो."
मी क्रशर बंद केला.
मग कॉम्प्रेसर ऐकू येऊ लागला.
कॉम्प्रेसर बंद करता येत नाही.

एसटीनं शिरोड्याला जाऊन आले, मिठागरावर.
मीठ करकरतं, म्हणाले.
आणि मीठ पडत नाही,
खालून वर येतं.

फाल्गुनात गिरप गेले.
पिशवी त्यांच्या भाच्यानं माझ्याकडे टाकली,
तुमका म्हायत आसतला काय ता, म्हणून.
त्या ओळीत चार शब्द, चारही खोडलेले:
बर्फ, हिम, मीठ, राख.
वर शिसपेन्सिलनं, बारीक:
रात्रभर शहरावर म्हाताऱ्या उतरत होत्या.

मला हसू फुटलं, कारखान्यात, एकट्याला.
पूल, ट्राम, कोपऱ्यावर पोलिसाची गाडी,
आणि वरून म्हाताऱ्या,
नऊवारीतल्या, छत्र्या उघडून.
कोण छापणार हे?
कवीच्या गावी कळलं तर काय म्हणतील?
दोन वाजताचा दाब
लिहायचा राहूनच गेला.

पाळी सुटली. सायकल काढली.
कॅम्पातली ती एकटी सावर,
चैत्राच्या उन्हानं बोंडं तडकलेली.
पांढरे केस मोकळे सोडून
एकेक म्हातारी खाली येत होती,
घाई नाही, वारा नाही.
रस्ता, गटार, शाळेची पाटी,
सगळ्यांवर सारखीच.

लघवीला म्हणून उतरलो होतो.
परत आलो तर
एक माझ्या सायकलच्या सीटवर बसलेली.

सायकल हातात धरून
घरापर्यंत चालत गेलो.